पुढे मामा उभा आहे

प्रति,
मा. अपर पोलीस महासंचालक (वाहतूक),
महाराष्ट्र राज्य

आणि आज महामार्गावर ड्युटीला असलेल्या प्रत्येक हवालदारास,



साहेब, मी एसटीत एकतीस वर्षं स्टिअरिंगवर काढली, त्यातली निम्म्याहून जास्त रातराणीवर. विनाअपघात सेवेचा बिल्ला घरी कपाटात आहे. नातू अधूनमधून खेळायला मागतो. हा बिल्ला एका पहाटे हातचा जाणार होता आणि त्याबरोबर तुमच्या खात्यातला एक माणूसही. आधी ती हकिकत सांगतो, मग तक्रारी आणि विनंत्या.

डिसेंबर महिना, पहाटेचे पावणेपाच. कोल्हापूरहून पुण्याला निघालेली गाडी, चाळीसेक प्रवासी, सगळे गाढ झोपेत. घाट उतरून रस्ता सपाटीला लागतो तिथे उसाच्या फडांवरून धुकं थेट रस्त्यावर आलेलं. ठिकाणाचं नाव लिहीत नाही. नाव लिहिलं तर तुम्ही त्या एका चौकीला नोटीस काढाल आणि बाकी सगळीकडे तसंच चालू राहील. माझ्यापुढे भाजीचा टेम्पो होता. दुभाजकातल्या कण्हेरीआडून एक माणूस अचानक रस्त्यावर आला. अंगात काळं जर्किन, एका हातात मोबाइलची बॅटरी, दुसरा हात वर. टेम्पोवाल्यानं जागच्या जागी ब्रेक मारला. टेम्पोच्या मागच्या दोन लाल दिव्यांपैकी एकच पेटत होता, तो मला दिसला तेव्हा अंतर संपलेलं होतं. मी गाडी डावीकडे ओढली. दोन चाकं साइडपट्टीच्या मुरमात उतरली, आतून पंधरावीस जण एकदम ओरडले आणि गाडी थांबली. टेम्पोची मागची फळी माझ्या उजव्या आरशाला खेटून होती. मी त्याला मागून दिली असती, तर टेम्पो त्या माणसाच्या अंगावरून गेला असता.

मी खाली उतरलो. पन्नाशीचा हवालदार, बाहीवर तीन फिती, हात थरथरत होते. त्यानं आधी पाणी मागितलं. मी बाटली दिली आणि म्हणालो, "अहो, आत्ता गेला असतात. असं झाडाआडून काय येता? उजेडात, पुढं उभं राहायचं."

पाणी पिऊन तो म्हणाला, "पुढं दिसलो तर सापडणार कोण?"

साहेब, हे पत्र त्या एका वाक्याला उत्तर म्हणून लिहितोय. गाडी सापडली की काम झालं, असं तुमच्या माणसाला वाटतं. म्हणून तो लपतो. लपला म्हणून एकदम पुढे येतो, आणि एकदम पुढे आला म्हणून मरतो. लपला म्हणूनच लोकांच्या मनातून उतरतोही. तुमच्या माणसाचा जीव आणि तुमच्या खात्याची अब्रू या दोन्हींचं औषध एकच आहे, ते म्हणजे दिसणं.

आता आमचंही एक पाप कबूल करतो. समोरून येणाऱ्या गाडीनं दोनदा डिपर मारला की रस्त्यावरच्या प्रत्येक ड्रायव्हरला कळतं, पुढे मामा उभा आहे. मीही आयुष्यभर असा डिपर मारला. पण मारता मारता एक गोष्ट ध्यानात आली. डिपर मिळाला की अख्खी रांग आपोआप हळू होते. ट्रकवाला न्यूट्रलमधून गिअरमध्ये येतो, कारवाला पट्टा ओढतो, दुचाकीवाला आरशाला टांगलेलं हेल्मेट डोक्यावर घेतो. दोनतीन किलोमीटर तरी हे टिकतं. पोलिसानं काहीच केलेलं नसतं. तो पुढे आहे, एवढी बातमीच काम करते. मग ती बातमी आम्हीच चोरून का द्यायची? तुम्हीच उघडपणे का देत नाही?

आता एकेक मुद्दा घेतो.

पहिली तक्रार जागेची. उतार संपतो तिथे, वळण संपतं तिथे, पुलाच्या तोंडाशी गाड्या अडवल्या जातात, कारण तिथे गाड्या वेगात सापडतात. पण वेगातली गाडी तिथे सापडते तशी मागून येणारीही तिथेच सापडते. हिशेब साधा आहे. ताशी ८० म्हणजे सेकंदाला २२ मीटर, जवळजवळ दोन एसटी गाड्यांची लांबी. माणूस दिसला, डोक्यानं ओळखलं, पाय ब्रेकवर गेला, एवढ्यात तीस मीटर गेलेले असतात, आणि गाडी अजून थांबायला लागलेलीही नसते. समृद्धी महामार्गावर कारला ताशी १२० ची मर्यादा आहे, म्हणजे सेकंदाला ३३ मीटर. ७०१ किलोमीटरचा हा रस्ता जून २०२५ पासून नागपूर ते ठाणे जिल्ह्यातल्या आमणेपर्यंत सलग सुरू झाला. अशा रस्त्यावर माणसानं हात दाखवून गाडी अडवणं म्हणजे विहिरीच्या काठावर उभं राहून वाकून बघणं.

त्यात घाट असेल तर विचारूच नका. डिझेल वाचवायला न्यूट्रलमध्ये उतरणारा भरलेला ट्रक खाली येईपर्यंत ब्रेक तापून निकामी झालेले असतात. पुण्यात कात्रजच्या नव्या बोगद्यापासून नवले पुलापर्यंतचा उतार सगळ्यांनी पाहिला आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये तिथे एकाच अपघातात कितीतरी गाड्या एकमेकींवर गेल्या. त्या उताराच्या पायथ्याशी ब्रेक गेलेल्या ट्रकला तुमच्या शिट्टीनं काय फरक पडणार?

विनंती अशी की, चालत्या लेनमध्ये गाडी अडवायला लेखी मनाई करा. गाडी थांबवायची ती टोलनाक्यापुढच्या मोकळ्या जागेत, ट्रक थांबण्यासाठी केलेल्या जागेत किंवा महामार्ग पोलीस मदत केंद्रासमोर. मधेच कुणी चुकलं तर गाडीनं त्याच्या मागे जा, दिवे दाखवा, भोंग्यावरून सांगा, "पुढच्या थांब्याला घ्या." एक किलोमीटर पुढे थांबला म्हणून गुन्हा शिळा होत नाही.

दुसरी तक्रार अंगावर जाण्याची. न थांबणाऱ्या गाडीपुढे उडी घेणं, धावत्या ट्रकच्या पायरीवर चढणं, खिडकीतून हात घालून किल्ली काढणं, यात मर्दुमकी आहे असं तुमच्या खात्यात कोण शिकवतं? एप्रिल २०२३ मध्ये नवी मुंबईत एका वाहतूक पोलिसाला कारच्या बॉनेटवर घेऊन चालकानं सुमारे वीस किलोमीटर गाडी पळवली. नशीब म्हणून तो वाचला. जुलै २०२२ मध्ये हरियाणात नूह जिल्ह्यात बेकायदा खाणीचा डंपर अडवायला गेलेल्या पोलीस उपअधीक्षकाच्या अंगावर तो डंपर घातला गेला. ते वाचले नाहीत. अधिकारी मोठा होता, तरी डंपर थांबला नाही.

किल्लीचंही सांगतो. उतारावर इंजिन बंद झालं की मोठ्या गाडीचं स्टिअरिंग दगडासारखं जड होतं आणि ब्रेकच्या टाकीत हवा भरणं थांबतं. किल्ली काढणाऱ्याला वाटतं, गाडी आपल्या ताब्यात आली. खरं म्हणजे ती त्या क्षणी कुणाच्याच ताब्यात नसते.

विनंती: पळाला तर पळू द्या. नंबर कॅमेऱ्यात आहे, पुढच्या नाक्याला वायरलेस आहे, मालकाचा पत्ता सरकारच्याच संगणकात आहे. मुंबई–पुणे द्रुतगती मार्गावर जुलै २०२४ पासून कॅमेऱ्यांची यंत्रणा चालू आहे. तिथून गाडी जाऊन जाऊन जाणार कुठे? दंड उद्या वसूल होतो. माणूस उद्या परत येत नाही.

तिसरी तक्रार, कुठल्या बाजूला उभं राहायचं याची. ही फार साधी गोष्ट आहे, आणि वर्षानुवर्षं मी ती कुणाला पाळताना पाहिली नाही. आपल्याकडे ड्रायव्हर उजवीकडे बसतो. गाडी डावीकडे थांबते. मग पोलीस ड्रायव्हरच्या खिडकीशी जातो, म्हणजे नेमका वाहत्या रहदारीकडे पाठ करून उभा राहतो. हातात ई-चलनचं यंत्र, मान खाली, आणि पाठीमागून दोन हातांवरून कंटेनर जातोय. कंटेनर गेला की त्याच्या वाऱ्यानं माणूस हलतो, हे मी खिडकीत बसून पाहिलं आहे.

विनंती: क्लीनर साइडनं जा. डाव्या दरवाजाशी उभे राहा, ड्रायव्हरला तिकडून कागद द्यायला सांगा, हवं तर त्यालाच डावीकडून खाली उतरवा. तुमची गाडी त्याच्या गाडीमागे थोडं अंतर ठेवून, दिवे चालू ठेवून उभी करा. मागून कुणी आलंच, तर आधी तुमच्या गाडीला लागेल. पत्रा परत ठोकता येतो. अमेरिकेतल्या सगळ्या राज्यांत तर कायदाच आहे की रस्त्याकडेला पोलिसांची गाडी दिवे लावून उभी दिसली, तर पलीकडच्या लेनमध्ये जायचं, ते जमत नसेल तर वेग कमी करायचा. आपल्याकडे असा नियम चालकाच्या परीक्षेत विचारला जाईल तेव्हा जाईल, पण निदान त्याचे फलक तरी लावा.

चौथी तक्रार साहित्याची. रस्त्याची डागडुजी करणाऱ्या ठेकेदाराच्या मजुराला नारिंगी जाकीट मिळतं, शंकू मिळतात, बाणाचा दिवा मिळतो. तुमच्या हवालदाराला मिळतं ते बॅरिकेड, त्यावर एखाद्या सराफाची नाही तर क्लासची जाहिरात, रंग उडालेला, चाक मोडलेलं, आणि ते वाऱ्यानं पडू नये म्हणून पायाशी ठेवलेला धोंडा. रात्री ते बॅरिकेड हाच एक अडथळा असतो. "उभ्या ट्रकला मागून धडक" ही बातमी आपल्याकडे रोज छापून येते. तुम्ही अडवलेला ट्रकही उभाच ट्रक असतो, साहेब.

विनंती: रात्रीची नाकाबंदी असेल तर अर्धा किलोमीटर आधी फलक, मग शंकूंची तिरकी रांग, मग दिवा आणि शेवटी माणूस. प्रत्येकाला चकाकणाऱ्या पट्ट्यांचं जाकीट आणि हातात लाल दांडीचा दिवा. मोबाइलची बॅटरी हे पोलिसाचं साधन नव्हे. आणि दाट धुकं पडलं असेल तर नाकाबंदी रद्द. त्या रात्री मदत केंद्राच्या गाडीनं दिवे लावून सावकाश फिरलं तरी ती ड्युटीच आहे.

पाचवी तक्रार छुप्या वेगमापकाची. केंद्र सरकारनं ऑगस्ट २०२१ मध्ये मोटार वाहन नियमांत १६७-अ हा नियम घातला. वेगाचा कॅमेरा, स्पीड गन, अंगावरचा कॅमेरा अशी साधनं कुठे आणि कशी वापरायची ते त्यात लिहिलं आहे. जिथे लक्ष ठेवलं जातं तिथे आधी ठळक फलक हवा, यंत्राला अचूकतेचं प्रमाणपत्र हवं आणि ते दरवर्षी नवं करून घ्यायला हवं, असं तो नियम सांगतो. म्हणजे 'दिसा' हे मी म्हणतोय असं नाही, तुमचाच कायदा म्हणतोय. तरी इंटरसेप्टर गाडी झाडाखाली, पाटीमागे, पुलाच्या खांबाआड उभी असते. रस्त्याचं काम संपून सहा महिने झाले तरी 'ताशी २०' ची पाटी तशीच उभी असते आणि तिच्यापुढे यंत्र. तिथे सापडलेल्या माणसाला कायदा मोडल्याची लाज वाटत नाही, फसवलं गेल्याचा राग येतो. तो राग पुढच्या नाक्यावरच्या हवालदाराला भोगावा लागतो.

वेगाला मोकळीक द्या असं मी म्हणत नाही. २०२२ साली देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली, आणि त्यात दहापैकी सात मृत्यूंमागे अतिवेग होता. माझ्या डेपोतल्या दोघा ड्रायव्हरांना मी खांदा दिलाय. वेगाला कॅमेरा लावा, तो दिवसरात्र बघतो, त्याला धुक्यात सर्दी होत नाही. माणसाला तिथे उभं करा जिथे माणसाचाच डोळा लागतो: दारू प्यालेला, झोप आवरत नसलेला, उलट्या दिशेनं येणारा, मागचे दिवे नसलेला. त्या पहाटेच्या टेम्पोला थांबवायला हवंच होतं, एका दिव्यासाठी. पण दिवसा, नाक्यावर.

सहावी तक्रार पावतीची. ही लिहिताना हात अडखळतो, पण लिहिल्याशिवाय पत्र पुरं होणार नाही. गाडी अडवली की आमच्या मनात पहिला प्रश्न येतो, "पावती की तसंच?" हा प्रश्न आमच्यातल्याच ड्रायव्हरांनी आणि तुमच्यातल्याच काहींनी मिळून तयार केला. रस्त्यावरची निम्मी भांडणं त्यातूनच उभी राहतात. ज्याला वाटतं की समोरचा कायद्याचं काम करत नाही, तो त्याचा गणवेश मानत नाही.

विनंती: अंगावरचा कॅमेरा सगळ्यांना द्या आणि तो चालू ठेवणं सक्तीचं करा. तो आमच्या शिवीगाळीचाही पुरावा होईल आणि तुमच्या सभ्यपणाचाही. खासगी मोबाइलवर फोटो काढणं पूर्ण थांबवा. कागद मोबाइलवर दाखवले तर ते कायद्यानं चालतात, हे प्रत्येक नाक्यावर पाटी लावून सांगा. आणि मोटार वाहन कायद्यातलं २१०-ब हे कलम खात्यात मोठ्यानं वाचून दाखवा. कायदा राबवणाऱ्यानंच तो मोडला तर त्याला दुप्पट दंड, असं ते २०१९ पासून सांगतं. बिनहेल्मेट पोलीस दुचाकीवरून जातो तेव्हा त्याच्यामागच्या शंभर जणांना परवानगी देऊन जातो.

सातवं आणि शेवटचं, तुमच्या माणसाच्या बाजूनं. आमच्या सातारा जिल्ह्याचे विलास शिंदे मुंबईत वाहतूक पोलीस होते. ऑगस्ट २०१६ मध्ये खारला पेट्रोल पंपावर त्यांनी एका अल्पवयीन दुचाकीस्वाराला अडवलं. हेल्मेट नाही, लायसन नाही. त्यावरून त्यांच्या डोक्यात बांबू घातला गेला. आठवड्याभरानं ते गेले. त्यांनी काय चूक केली? लपले नव्हते, उडी मारली नव्हती, दिवसाउजेडी नियम विचारत होते. एकटे होते, एवढंच. पुढे २०१९ च्या दुरुस्तीत अल्पवयीन मुलाच्या हाती गाडी देणाऱ्या पालकाला पंचवीस हजारांचा दंड आणि तुरुंगवास आला. चांगलं झालं. पण कायदा नंतर येतो. आधी जोडीदार हवा.

म्हणून विनंती: एकट्याला कधीच उभं करू नका. दोघं हवेत. एक बोलायला, एक मागचा रस्ता बघायला. हवालदाराला पाणी, सावली, आठ तासांनी बदली आणि संडासाची सोय द्या. बारा तास धूर खाऊन उभा असलेला माणूस सौम्य बोलत नाही, आणि त्याचा डोळाही मागचा ट्रक वेळेवर टिपत नाही. आम्हाला एसटीत सलग किती तास गाडी चालवायची याचा हिशेब ठेवावा लागतो. रस्त्यात उभा राहणारा माणूस त्याहून टणक कसा असेल? आणि केसेसच्या आकड्यावर त्याची शाबासकी ठरवू नका. त्याच्या पट्ट्यात यंदा किती माणसं मेली नाहीत, त्यावर ठरवा. पोलिसावर हात टाकणाऱ्याला कायदा आहे. मागून येणाऱ्या ट्रकला मात्र कलम लागत नाही. तिथे शंकूच लागतो.

हे सगळं तुम्हाला लिहिलं, पण माझ्या धंद्यातल्या भावांनाही दोन शब्द. हात दिसला की पाय ब्रेकवर आणि डावा इंडिकेटर, वाद नंतर. खाली उतरताना रहदारीच्या बाजूनं उतरू नका. चलन चुकीचं वाटलं तर त्याविरुद्ध दाद मागायची वाट आहे, ती हवालदाराच्या कॉलरवरून जात नाही. आणि रात्री कडेला निळे-लाल दिवे दिसले, तर ते तुमच्यासाठी नाहीत म्हणून वेग वाढवू नका. तिथे कुणीतरी रस्त्याकडे पाठ करून उभा आहे.

तो हवालदार आता माझ्यासारखाच घरी बसला असेल, अशी आशा करतो. जाताना त्यानं माझी बाटली परत दिली आणि टेम्पोवाल्याला पावती न करता सोडलं. नियमात ते बसत नाही. पण त्या पहाटे आम्ही तिघंही सारखेच घाबरलेले होतो.

साहेब, डिपर मारायची सवय या रस्त्यावरून जाणार नाही. तिचा अर्थ तेवढा बदलता येईल. आज डिपर सांगतो, पुढे मामा उभा आहे, सापडू नकोस. तुम्ही उघड्यावर, उजेडात, योग्य जागी उभे राहिलात, तर तोच डिपर म्हणेल, पुढे मामा उभा आहे, जपून जा, त्याला लागायला नको.



आपला नम्र,
एक निवृत्त एसटी चालक,
जिल्हा सातारा